अ‍ॅलन पेज: फुटबॉलच्या लाइनवरून न्यायासनावर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून एका खेळाडूबद्दल सतत विचारणा होते. मिनेसोटात राहणाऱ्या मराठी आईवडिलांना मुलांच्या शाळेमुळे हे नाव कळतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते न्यायमूर्ती म्हणून भेटतं. काही जणांना तर हे दोघे वेगवेगळे असावेत असं वाटतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, किचकट शेवटी.

१. अ‍ॅलन पेज कोण, ते थोडक्यात सांगाल का?

अमेरिकन फुटबॉलमधले डिफेन्सिव्ह टॅकल. जन्म ७ ऑगस्ट १९४५, ओहायो राज्यातलं कॅन्टन. १९६७ ते १९८१ असे पंधरा हंगाम ते एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळले, आधी मिनेसोटा व्हायकिंग्जकडून आणि शेवटची काही वर्षं शिकागो बेअर्सकडून. १९७१ मध्ये ते लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू (एमव्हीपी) ठरले. खेळत असतानाच कायद्याची पदवी घेतली. १९९३ ते २०१५ या काळात ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. पेज त्यातल्या मिनेसोटाच्या न्यायालयात होते, वॉशिंग्टनमधल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नाही.

२. मला हा खेळच कळत नाही. डिफेन्सिव्ह लाइनमन नेमकं करतो काय?

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. चेंडू जमिनीवर ठेवलेला असतो, मधला खेळाडू तो पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे डाव चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूकडे देतो आणि डाव सुरू होतो. क्वार्टरबॅकच्या पुढे त्याच्याच संघातले पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. ती भिंत फोडणं हे समोरच्या संघाच्या डिफेन्सिव्ह लाइनचं काम. पेज यांच्या काळात या लाइनवर बहुधा चौघे असत: कडेचे दोन 'एंड' आणि मधले दोन 'टॅकल'. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं करायचं, किंवा चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला खाली पाडायचं. या दुसऱ्या प्रकाराला सॅक म्हणतात.

कबड्डी पाहणाऱ्याला यातलं मर्म चटकन कळेल: निम्मा निकाल पहिल्या अर्ध्या सेकंदात, कोणाचा पाय आधी हलला यावर लागतो. लाइनमन एक हात जमिनीवर टेकवून वाकलेला असतो आणि त्याची नजर फक्त चेंडूवर असते. समोरचा ओरडून फसवायला बघतो. त्या ओरडण्याला भुलून चेंडू हलण्याआधी पाऊल टाकलं की पेनल्टी.

मधल्या टॅकलचं काम त्यातही अवघड. त्याला अडवायला पुष्कळदा दोघे येतात. दोघांना त्याने गुंतवून ठेवलं की शेजारचा मोकळा सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नाव त्या शेजाऱ्याचं येतं. म्हणून टॅकलची किंमत नुसत्या आकड्यांवरून करू नये (आकड्यांचा घोळ प्रश्न १४ मध्ये).

३. त्यांचं बालपण कसं होतं?

कॅन्टन हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. शिक्षणाशिवाय गत्यंतर नाही हे आईवडिलांनी मुलांच्या मनावर ठसवलं होतं. पेज तेरा वर्षांचे असताना आई गेली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. कायदा माणसाचं आयुष्य बदलू शकतो हे त्या निकालाने मनात रुजवलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. वकील व्हायचं वेड फुटबॉलच्या आधीचं आहे. खेळ संपल्यावर पोटापाण्यासाठी कायद्याकडे वळलेला खेळाडू, असं त्यांचं चित्र रंगवलं जातं ते चूक आहे.

४. कॉलेजात ते कुठे होते?

इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठात, प्रशिक्षक आरा पार्सेघियन यांच्या हाताखाली. तिथे ते टॅकल नव्हते, कडेला एंड म्हणून खेळत. १९६६ च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात नोटर डेम राष्ट्रीय विजेता ठरला. मिशिगन स्टेटविरुद्ध १०-१० असा बरोबरीत सुटलेला सामना याच हंगामातला, ज्यावरून जुने लोक अजून हमरीतुमरीवर येतात. १९६७ मध्ये राज्यशास्त्राची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत, एकूण पंधराव्या क्रमांकावर घेतलं. टॅकलच्या जागी ते आले व्हायकिंग्जमध्ये.

५. 'पर्पल पीपल ईटर्स' हा काय प्रकार होता?

व्हायकिंग्जची जर्सी जांभळी, म्हणून त्यांच्या चौघांच्या लाइनला लोकांनी दिलेलं हे नाव. डावीकडे एंड कार्ल एलर, त्याच्या शेजारी टॅकल गॅरी लार्सन, उजवीकडे टॅकल पेज आणि उजव्या टोकाला एंड जिम मार्शल. लार्सन जागा धरून राहायचा, पळणाऱ्याला थोपवायचा. त्याने तेवढं केलं की उरलेले तिघे मोकाट सुटायचे. क्वार्टरबॅकपाशी भेटू, हे त्यांचं आपसातलं ब्रीद.

१९६९ च्या हंगामात १४ सामन्यांत या बचावाने एकूण फक्त १३३ गुण दिले. म्हणजे सामन्याला दहासुद्धा नाहीत. त्या वर्षी चौघेही प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले.

त्यांचं मैदान ब्लूमिंग्टनचं मेट्रोपॉलिटन स्टेडियम, वर छप्पर नाही. डिसेंबरात मिनेसोटात काय थंडी असते ते तिथल्या मराठी माणसाला विचारा! प्रशिक्षक बड ग्रँट यांनी आपल्या खेळाडूंना बाकाजवळ हीटर लावायला बंदी केली होती. समोरचा संघ शेकोटीपाशी जमल्यासारखा हीटरभोवती कोंडाळं करायचा आणि हे लोक तसेच उघड्यावर उभे.

६. ते बाकीच्या लाइनमनपेक्षा वेगळे कशामुळे?

वेगामुळे. उंची ६ फूट ४ इंच आणि वजन कारकिर्दीच्या भरात २४५ पौंड, म्हणजे साधारण १११ किलो. तुम्हाआम्हाला हे अवाढव्य वाटेल, पण टॅकलच्या मानाने तेव्हाही ते हलकेच होते. समोरच्याला ढकलून मागे नेण्यापेक्षा तो सावरायच्या आत त्याच्या खांद्याला वळसा घालून निघून जाणं, ही त्यांची रीत. चेंडू हलला की त्यांचं पहिलं पाऊल इतकं लवकर पडे की डाव सुरू होण्याआधीच निघाले असं पंचांना वाटायचं.

याला धोकाही होता. इतक्या वेगाने आत घुसणाऱ्याला मुद्दाम घुसू द्यायचं आणि त्याने सोडलेल्या जागेतून चेंडू न्यायचा, ही युक्ती समोरचे करत. शेजारी शिस्तीने उभा राहणारा लार्सन होता म्हणूनच पेज यांना ही मोकळीक मिळाली, असं माझं मत आहे. लार्सनचं नाव आज फारसं कोणी घेत नाही.

किक अडवण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कारकिर्दीत २८ किक अडवल्या, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेले २३ चेंडू ताब्यात घेतले.

७. १९७१ च्या एमव्हीपीचं एवढं कौतुक का?

कारण हा पुरस्कार जवळजवळ नेहमीच क्वार्टरबॅकला किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्याला मिळतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा एमव्हीपी मिळवणारे बचावपटू आजवर दोनच: १९७१ चे पेज आणि १९८६ चा लॉरेन्स टेलर. टेलर लाइनबॅकर, म्हणजे लाइनच्या मागे उभा राहणारा होता. लाइनवर हात टेकून उभं राहणाऱ्यांपैकी पेज एकटेच. त्याच वर्षापासून सर्वोत्कृष्ट बचावपटूचा वेगळा पुरस्कार सुरू झाला आणि तोही पहिल्यांदा त्यांनाच मिळाला. १९६८ ते १९७६ अशी सलग नऊ वर्षं ते प्रो बोलसाठी निवडले गेले.

त्या हंगामातला डिसेंबरमधला डेट्रॉइट लायन्सविरुद्धचा सामना आजही दाखवला जातो. पंचांनी त्यांच्यावर लागोपाठ दोन पेनल्ट्या लावल्या. एरवी शांत असलेला हा माणूस भडकला, आणि पुढचे काही डाव डेट्रॉइटचा चेंडू ज्याच्या हातात गेला त्याच्या अंगावर पेज होते. दोघांनी धरलं तर दोघांना ओढत नेलं. चिडून खेळणारे बहुतेक खेळाडू चुका करतात. ते चिडल्यावर जास्त अचूक झाले.

८. त्यांनी सुपर बोल किती वेळा जिंकला?

एकदाही नाही. चार वेळा अंतिम सामना खेळले आणि चारही हरले: जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटीकडून २३-७, १९७४ मध्ये मायामीकडून २४-७, १९७५ मध्ये पिट्सबर्गकडून १६-६ आणि १९७७ मध्ये ओकलंडकडून ३२-१४.

मात्र 'एकही विजेतेपद नाही' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. १९६९ च्या हंगामापर्यंत एनएफएल आणि एएफएल या दोन वेगळ्या लीग होत्या, आणि सुपर बोल हा त्यांच्या विजेत्यांमधला सामना होता. जानेवारी १९७० मध्ये व्हायकिंग्जनी क्लीव्हलंड ब्राउन्सना २७-७ असं हरवून एनएफएलचं विजेतेपद मिळवलं होतं. आठवड्याभराने सुपर बोल हरले. लोकांच्या लक्षात फक्त दुसरा सामना राहिला.

९. खेळता खेळता कायद्याची पदवी? हे जमलं कसं?

पहिल्या फेरीत जमलं नाही. कारकिर्दीच्या सुरुवातीला त्यांनी विल्यम मिचेल लॉ कॉलेजात नाव घातलं आणि काही आठवड्यांतच सोडलं. १९७५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा प्रवेश घेतला. हंगामात आठवडाभर सराव, रविवारी सामना आणि उरलेल्या वेळात वर्ग. १९७८ मध्ये पदवी मिळाली. म्हणजे जानेवारी १९७७ चा सुपर बोल खेळताना ते कायद्याचे विद्यार्थी होते. १९७९ पासून मिनियापोलिसमधल्या लिंडक्विस्ट अँड व्हेनम या वकिली कंपनीत काम सुरू केलं, तेव्हाही ते बेअर्सकडून खेळतच होते. १९८५ पासून ते राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात गेले.

१०. मग एवढ्या खेळाडूला व्हायकिंग्जनी काढलं का?

१९७८ चे सहा सामने झाले आणि व्हायकिंग्जनी त्यांना सोडून दिलं. कारण म्हणून पुढे आलं ते वजन. पेज यांना लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद लागला होता (पुढचा प्रश्न पाहा) आणि त्यांचं वजन २२५ पौंडांच्या आसपास, म्हणजे १०२ किलोवर आलं होतं. एवढ्या वजनात टॅकल टिकत नाही, असं ग्रँट यांचं म्हणणं.

पडद्यामागे आणखीही काही असणार असं अनेकांना वाटतं, कारण पेज खेळाडू संघटनेत पुढे होते (प्रश्न १२) आणि सरावाच्या कवायतींबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. ग्रँट यांची बाजू अगदीच पोकळ होती असंही नाही. तेहतिशी गाठलेला, दर वर्षी हलका होत चाललेला टॅकल ठेवायला आजचाही प्रशिक्षक कचरेल. पण निकाल पेज यांच्या बाजूने लागला. शिकागो बेअर्सनी त्यांना लगेच उचललं आणि तिथे ते १९८१ च्या अखेरपर्यंत खेळले. बेअर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक नील आर्मस्ट्राँग आधी व्हायकिंग्जमध्येच बचावाचे प्रशिक्षक होते, त्यांना हा माणूस पुरता माहीत होता. (चंद्रावर गेलेले ते वेगळे.)

हंगामाच्या मध्यात संघ बदलूनही त्यांचा एकही सामना चुकला नाही. व्हायकिंग्जसाठी १६०, बेअर्ससाठी ५८, असे सलग २१८ सामने.

११. लाइनमन आणि मॅरेथॉन? हे खरं आहे का?

खरं आहे. सुरुवात पत्नी डायान यांच्यापासून झाली. त्यांना सिगरेट सोडायची होती म्हणून त्या धावायला लागल्या आणि पेज सोबत जाऊ लागले. पुढे त्यांचंच वेड वाढलं. १९७९ मध्ये त्यांनी एक मॅरेथॉन पूर्ण केली. एनएफएलमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिलेच.

निवृत्तीनंतरही सकाळचं धावणं सुटलं नाही. ट्विन सिटीज मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून ते धावणाऱ्यांसाठी भलंमोठं पितळी वाद्य, ट्यूबा, वाजवतात. मिनियापोलिसमध्ये ऑक्टोबरात कोणी 'जज ट्यूबा वाजवतायत' म्हणालं तर चेष्टा समजू नका.

१२. ते लीगविरुद्ध कोर्टात गेले होते म्हणे?

हो, पण एकटे नाही. ते खेळाडू संघटनेचे व्हायकिंग्जमधले प्रतिनिधी होते. तेव्हा 'रोझेल नियम' होता: खेळाडूचा करार संपला आणि तो दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्याला भरपाई द्यायची. किती द्यायची हे दोन संघांचं जमलं नाही, तर लीगचे आयुक्त ठरवणार. आपल्यावर काय बोजा येईल हे आधी कळत नसल्याने कोणताही संघ दुसऱ्याच्या खेळाडूला हात लावेना. करार संपूनही खेळाडू बांधलेलाच.

जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी याविरुद्ध मिनियापोलिसच्या संघीय न्यायालयात खटला भरला, त्यात पेज वादी होते. १९७५ मध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही हे मान्य केलं. याचा फायदा त्यांना स्वतःला जवळजवळ झालाच नाही. १९७७ च्या करारात संघटनेने वाटाघाटींत बरंच परत देऊन टाकलं, आणि संघ बदलण्याचं खरं स्वातंत्र्य खेळाडूंना १९९३ मध्ये मिळालं. तोवर पेज न्यायासनावर होते.

१३. न्यायाधीश निवडून येतो म्हणजे काय? आपल्याकडे तर नेमणूक होते.

मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सहा वर्षांसाठी, पक्षाच्या चिन्हाशिवाय, लोकांच्या मतांनी निवडले जातात. कागदावर. प्रत्यक्षात न्यायमूर्ती मुदत संपण्याआधीच निवृत्त होतात, राज्यपाल रिकाम्या जागी आपला माणूस नेमतात आणि पुढच्या निवडणुकीत तो 'विद्यमान' म्हणून सहज निवडून येतो. जागा खऱ्या अर्थाने रिकामी होऊन मतदारांपुढे येणं दुर्मीळ.

१९९२ मध्ये पेज यांनी याच रिवाजाला हात घातला. एका न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी निवृत्तिवेतनाच्या कारणासाठी वाढवून दिली, त्यामुळे त्या जागेची निवडणूक होणारच नव्हती. पेज यांनी आव्हान दिलं. आता राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या जागेचा खटला त्याच न्यायालयाने कसा ऐकायचा? न्यायमूर्ती बाजूला झाले, त्यांच्या जागी इतर न्यायाधीशांचं विशेष पीठ बसलं, आणि निवडणूक घ्यावीच लागेल असा निकाल आला. ती निवडणूक पेज यांनी जिंकली. नंतर १९९८, २००४ आणि २०१० मध्येही ते निवडून आले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात पाहण्यासारखा डाव. नाव एवढं मोठं होतं की नेमणुकीची वाट बघत राज्यपालांच्या दारात उभं राहणं सोपं गेलं असतं.

१४. त्यांच्या सॅकची संख्या कुठे १४८.५, कुठे १७३, तर कुठे शून्य दिसते. खरी कोणती?

सॅकची अधिकृत नोंद एनएफएलने १९८२ पासून सुरू केली, पेज १९८१ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. म्हणून अधिकृत यादीत शून्य. १७३ हा आकडा जुन्या लेखांतून आणि परिचयांतून फिरत आलेला. १४८.५ हा अभ्यासकांनी जुन्या सामन्यांच्या नोंदी तपासून काढलेला, म्हणजे व्हायकिंग्जसाठी १०८.५ आणि बेअर्ससाठी ४०. अर्धा सॅक दोघांनी मिळून पाडलं तेव्हाचा. लिहिताना १४८.५ वापरावा आणि पुढे 'अनधिकृत' लिहावं.

१५. लाइनमनच्या पाठीवर ८८ क्रमांक कसा? तो तर रिसीव्हरचा ना?

१९७३ पासून लीगने जागेनुसार क्रमांक ठरवून दिले. त्यात ऐंशीचे क्रमांक रिसीव्हर आणि टाइट एंडकडे, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांकडे गेले. पण आधीपासून खेळणाऱ्यांना जुना क्रमांक ठेवायची मुभा होती, म्हणून पेज ८८ वरच राहिले. बेअर्समध्ये ते ८२ घालत. व्हायकिंग्जनी ८८ क्रमांक त्यांच्या सन्मानार्थ निवृत्त केला आहे, आता तो कोणालाच मिळत नाही. ज्या संघाने काढलं त्यानेच हा मान दिला.

१६. हॉल ऑफ फेमची इमारत त्यांनी स्वतः बांधली, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही, पण फुगवून सांगितली जाते. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा सन्मान करणारं संग्रहालय, कॅन्टनमध्येच आहे, म्हणजे पेज यांच्या गावात. बांधकाम सुरू असताना त्यांनी तिथे मजूर म्हणून काम केलं होतं. १९८८ मध्ये त्याच इमारतीत त्यांचा पुतळा आला.

हॉल ऑफ फेमच्या सन्मान समारंभात प्रत्येक जण आपली ओळख करून द्यायला कुणाला तरी बोलावतो, बहुधा जुन्या प्रशिक्षकाला. पेज यांनी मिनियापोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना बोलावलं, आणि भाषणात फुटबॉल कमी, शिक्षण जास्त होतं.

१७. पेज फाउंडेशनची शिष्यवृत्ती आमच्या मुलांना मिळू शकते का?

हे प्रतिष्ठान अ‍ॅलन आणि डायान यांनी १९८८ मध्ये सुरू केलं. मिनेसोटातल्या गौरेतर समाजांतल्या विद्यार्थ्यांना हायस्कूलनंतरच्या शिक्षणासाठी ते मदत करतं. भारतीय वंशाच्या कुटुंबांनी त्या-त्या वर्षीच्या अटी प्रतिष्ठानाकडूनच तपासून घ्याव्यात, ऐकीव माहितीवर अर्ज भरू नये.

एक अट मात्र ठळक आहे: पैसे घेणाऱ्याने वर्षाला किमान ५० तास लहान शाळकरी मुलांना शिकवण्यासाठी द्यायचे. गणित, वाचन, जे असेल ते. पालक ही अट नजरेआड करतात आणि नंतर सेमिस्टरच्या शेवटी मुलांची धावपळ होते.

१८. जस्टिस पेज मिडल स्कूलला त्यांचं नाव कसं मिळालं?

मिनियापोलिसमधल्या या शाळेला आधी अलेक्झांडर रॅमझी यांचं नाव होतं. रॅमझी हे मिनेसोटाचे सुरुवातीच्या काळातले गव्हर्नर. १८६२ च्या युद्धानंतर डकोटा या मूलनिवासी लोकांचा एक तर नायनाट करा नाहीतर राज्याबाहेर हाकला, ही त्यांची जाहीर भूमिका होती. शाळेतल्या मुलांनीच नाव बदलायचा आग्रह धरला आणि २०१७ मध्ये पेज यांचं नाव दिलं गेलं.

१९. न्यायमूर्ती म्हणून त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण कोणतं?

२००८ ची मिनेसोटातली अमेरिकी सिनेटच्या जागेची निवडणूक. अल फ्रँकन आणि नॉर्म कोलमन यांच्यातला फरक शेवटी ३१२ मतांचा निघाला, आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आलं. फेरमोजणीच्या मंडळावर बसलेले मुख्य न्यायमूर्ती आणि आणखी एक न्यायमूर्ती बाजूला झाले. उरलेल्या पाचांत पेज ज्येष्ठ, म्हणून सुनावणीला अध्यक्षस्थानी तेच होते. ३० जून २००९ रोजी फ्रँकन यांच्या बाजूने एकमताने निकाल लागला.

२०. ते २०१५ मध्येच का थांबले? तब्येत?

तब्येत नाही, कायदा. मिनेसोटात न्यायाधीशाला सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावंच लागतं. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांना सत्तर पूर्ण झाली.

२१. त्यांच्या करंगळीबद्दल मुलं विचारतात. काय भानगड आहे?

खेळताना ती निखळली आणि नीट बसली नाही. आज ती हातापासून जवळजवळ काटकोनात बाहेर निघते. शाळेत गेले की मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो. त्यावर त्यांनी मुलगी केमी हिच्यासोबत २०१३ मध्ये छोट्यांसाठी एक पुस्तकही लिहिलं. केमी शिक्षिका आहे.

२२. गुलामगिरीच्या काळातल्या वस्तू ते का जमवतात? ते क्लेशकारक नाही का?

क्लेशकारक आहेच, आणि ते लपवायचं नाही हाच हेतू. अ‍ॅलन आणि डायान यांनी वर्षानुवर्षं 'फक्त गोऱ्यांसाठी' असल्या पाट्यांसारख्या अपमानाच्या वस्तू आणि त्यांच्या शेजारी आशेच्या वस्तू, दोन्ही जमवल्या. त्यात १८६५ मध्ये लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या वेळचा एक कापडी फलक आहे: 'अंकल एब, आम्ही तुम्हाला विसरणार नाही'. २०१८ मध्ये मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात या संग्रहाचं प्रदर्शन भरलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डायान गेल्या, आणि नोव्हेंबरमध्ये पेज यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. ते राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या हस्ते असल्याने 'त्यांनी ते घेतलं कसं' असंही काही जण विचारतात. सन्मान देशाचा असतो, देणारा हात दर चार वर्षांनी बदलू शकतो, एवढंच माझं उत्तर.

२३. 'पेज अमेंडमेंट' म्हणजे काय? त्यात कोणी भारतीय आहे असं ऐकलं.

मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्करी, ज्यांचे आईवडील काश्मीरहून अमेरिकेत गेले, आणि पेज यांनी २०२० मध्ये मिळून मांडलेली ही घटनादुरुस्ती. दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क असल्याचं मिनेसोटाच्या राज्यघटनेत लिहावं, ही मागणी. मिनेसोटात गोऱ्या आणि गौरेतर मुलांच्या गुणांमध्ये मोठी दरी आहे, तिथून ही कल्पना निघाली. शिक्षकांच्या संघटनेचा विरोध आहे. यातून खटले वाढतील आणि सार्वजनिक शाळांचा पैसा खासगीकडे वळायला वाट मिळेल, अशी त्यांची भीती. दुरुस्ती अजून मंजूर झालेली नाही.

२४. आजच्या काळात ते टिकले असते का?

२२५ पौंडांचे पेज आज टॅकलच्या जागी उभे राहिले नसते, हे मान्य करायला हवं. समोर आता तीनशे पौंडांच्या पुढचे पाच जण असतात. २४५ पौंडांचे पेज मात्र एंडच्या जागी, चेंडू फेकण्याच्या डावांना, आजही कोणाच्या नाकी नऊ आणतील. कॉलेजात ते तिथेच खेळत (प्रश्न ४). रॅम्सचा आरोन डोनाल्ड २८० पौंडांचा, टॅकलसाठी बुटका आणि हलका म्हणून नाकं मुरडली गेली होती. तीन वेळा सर्वोत्कृष्ट बचावपटू होऊन तो २०२४ मध्ये निवृत्त झाला. पहिलं पाऊल लवकर पडणाऱ्याला या खेळात नेहमीच जागा होते.

२५. त्यांचा खेळ बघायचा असेल तर कुठून सुरुवात करू?

१९७१ च्या डेट्रॉइट सामन्याच्या तुकड्यांपासून (प्रश्न ७). बघताना एक करा: चेंडूकडे अजिबात बघू नका. जांभळ्या लाइनमध्ये ८८ क्रमांक शोधा. तो चेंडू फेकणाऱ्या संघाच्या डाव्या हाताला, मधल्या खेळाडूच्या जवळ वाकलेला असेल. त्याच्या टेकलेल्या हाताकडे बघा, तो उचलला की डाव सुरू झाला असं समजा. दुसऱ्यांदा तोच तुकडा लावून लार्सनला बघा.